शुक्रवारची सुट्टी

कंपनीने दोन वर्षांसाठी दुबईला पाठवलं तेव्हा आम्हा नवरा-बायकोला वाटलं, तिथे जुळवून काय घ्यायचं? अजान कानावर पडणार, हलाल शोधावं लागणार नाही, चिपळूणची कितीतरी माणसं तिथेच.

अडलो ते आठवड्यावर. सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवारी गावी सगळे अम्मीभोवती जमत, फोन लावत, आणि आम्ही कामावर! शुक्रवारी आम्ही मोकळे, तर घरचा मोबाइल भावासोबत दुकानात. रात्री साडेआठला निवांत होऊन फोन करावा, तर तिथे दहा वाजलेले. अम्मी इशा पढून झोपलेली. ‘त्यांना कुठला वेळ,’ असं ती म्हणते, हे भावजयीकडून कळलं. त्या रात्री आम्ही दोघं नीट जेवलो नाही.

२०२२च्या जानेवारीत तिथल्या सरकारने शनिवार-रविवार सुट्टी केली, शुक्रवार अर्धा दिवस. आमच्या कंपनीनेही तेच केलं. तेव्हा जुम्याचा खुतबा सव्वाला असायचा, ऑफिसातून थेट मशिदीत. मुलांचा हात धरून सावकाश पायी जाणं संपलं, त्याची हळहळ आहेच.

पहिल्याच रविवारी सकाळी फोन लावला. भावाने तो अम्मीच्या हाती दिला. आमचा आवाज ऐकून ती घाबरलीच, “आज घरी कसे? नोकरी आहे ना रे?”