खोपट ते इगतपुरी (व्हाया बाबा)

‘खोपट’ या शब्दाचा अर्थ झोपडी. पण ठाण्यात खोपट म्हटलं की कुणालाही झोपडी आठवत नाही, एसटी आठवते. आमचं घर डेपोच्या मागच्या गल्लीत. पहाटे साडेचारला पहिल्या गाड्या सुरू झाल्या की आमच्या खिडकीची तावदानं थरथरतात. पाहुण्यांची झोप उडते, आमची नाही. लहानपणी नुसत्या आवाजावरून मला कळायचं की गाडी गिअरमध्ये पडली की ड्रायव्हरसाहेब अजून चहाच पितायत. कारण उघड आहे, बाबा एसटीत चालक. एकोणीस वर्षं, आणि त्यातली बरीचशी ठाणे-नाशिक रस्त्यावर.

चालक ‘होते’ म्हणायला हवं. मधुमेह डोळ्यांत उतरला आणि तपासणीनंतर त्यांचं स्टिअरिंग सुटलं. आता ते डेपोतच दुसरं काम बघतात. पगार चालू आहे, घरी वेळेवर येतात, आई खूश आहे. पण बाबा रस्त्याबद्दल बोलायचेच बंद झाले. पूर्वी रोज रात्री जेवताना कसारा घाट आमच्या ताटात लोणच्यासारखा असायचा. कुठे दरड आली, कुठे कंटेनर आडवा झाला, धुक्यात पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून कसे वर गेले... आता बाबा जेवताना फक्त जेवतात.

मी २०२४ च्या गणपतीच्या आसपास एक जुनी हायब्रिड सायकल घेतली. पुढे तीन चकत्या, मागे सात, म्हणजे एकवीस गिअर. (‘यातले वापरतोस किती?’ असं विचारू नये. एमटेक्स्टबुकातले सगळे चॅप्टर तरी कोण वाचतो?) पहिल्या दिवशी उपवन तलाव गाठला आणि स्वतःला फारच मोठा समजलो. दुसऱ्या रविवारी येऊर चढायला घेतला आणि तीन वेळा उतरून सायकल ढकलली. तिथे शेजारून एक साठीचे आजोबा शीळ घालत वर गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हे विशेष लागलं.

मग पद्धतशीर सुरुवात केली. दर रविवारी दहा किलोमीटर वाढवायचे. घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत, मग त्याच्या पुढे, एकदा कल्याणहून मुरबाड रोडला. पायांचं काम सोपं निघालं. पाय दुसऱ्या महिन्यात शहाणे झाले. त्रास दिला तो तळहात, मान आणि बसायची जागा यांनी, ज्यांच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. सीट दोन सेंटिमीटर वर घेतल्यावर गुडघा दुखायचा थांबला. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, बस्स, एवढंच ते शास्त्र. आणि तहान लागायच्या आधी प्यायचं, भूक लागायच्या आधी खायचं. भूक लागल्यावर खाल्लेलं केळं पायापर्यंत पोचेस्तोवर तुम्ही रस्त्याच्या कडेला बसलेले असता.

साठ किलोमीटर झाले तेव्हा डोक्यात इगतपुरी आली. शंभराला थोडी कमी. ज्यांना हे अंतर फार वाटतं त्यांच्यासाठी सांगतो की सायकलच्या जगात ही बालवाडी आहे. ब्रेव्हे नावाचा प्रकार असतो, त्यात सर्वांत छोटी राइड २०० किलोमीटरची, आणि ती साडेतेरा तासांत संपवायची. १९२३ मध्ये मुंबईचे तीन पारशी तरुण, हकीम, बापासोला आणि भूमगरा, सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि १९२८ मध्ये परत आले. आणि याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकला, महाजन बंधू राहतात. हितेंद्र आणि महेंद्र, दोघेही डॉक्टर. त्यांनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नऊ दिवस! आम्हाला एक असाइनमेंट पूर्ण करायला पंधरा दिवस लागतात, तीही दुसऱ्याची समोर ठेवून.

शेवटचा पेपर (विषय काढू नका) टाकून आलो त्याच रात्री मी घरी जाहीर केलं, “रविवारी सायकलवर इगतपुरीला आत्याकडे जातोय.”

आईने गॅस बारीक केला. आमच्याकडे गॅस बारीक होणं ही वादळाची पूर्वसूचना असते. हायवे, ट्रक, घाट, एकुलता एक, असं सगळं क्रमाने आलं. मी बाबांकडे बघत होतो. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की ते सरळ नाही म्हणतील. घाटात काय काय होतं ते त्यांनी जितकं पाहिलंय तितकं आईने ऐकलेलंसुद्धा नाही. बाबांनी हात धुतले, पुसले आणि विचारलं, “निघणार किती वाजता?”

“सहा-साडेसहा...”

“साडेचार. माणकोली आणि रांजनोली अंधारातच मागे पडली पाहिजे. गोदामांची वाहतूक जागी झाली की तिथे सायकलला कुणी विचारत नाही.”

आणि त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान फाडून मागच्या कोऱ्या बाजूवर रस्ता काढायला घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा! माजिवडा, साकेतचा पूल, खारेगाव, माणकोली, रांजनोली, वडपे, पडघा, वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा. चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकापाशी धरून. कुठे रस्त्याच्या कडेला खडी असते, कुठे उड्डाणपुलावर न चढता खालून जायचं, कुठल्या उतारावर मागचे ट्रक सुसाट येतात. “ट्रक मागून येताना मान वळवू नकोस, मान वळली की हँडल वळतं. आवाज ऐक. आवाज एकसारखा असेल तर त्याने तुला बघून बाजू काढलीये. आवाज मधेच पडला तर तो गिअर बदलतोय, तेव्हा तू आणखी कडेला हो.” हे कुठल्याही सायकलच्या पुस्तकात सापडलं तर मला दाखवा.

रविवारी पहाटे निघालो. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर दोन ट्यूब, पंप, आणि आईचे राजगिऱ्याचे लाडू. आईची अट होती की प्रत्येक मोठ्या गावाला फोन करायचा. डिसेंबरची थंडी होती, साकेतच्या पुलावर खाडीचा वारा थेट बनियनपर्यंत आला. माजिवड्यापासून वडप्यापर्यंत तेव्हा रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. अंधारात बॅरिकेड, मातीचे ढीग, मधेच संपणारी लेन. त्या पट्ट्यात मी काय विचार करत होतो असं कुणी विचारलं तर उत्तर आहे, काहीच नाही. फक्त आवाज ऐकत होतो.

पडघ्याच्या आसपास उजाडलं. जवळच आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन मिळतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा पुढे ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि गाड्यांचा कसारा घाट चुकला. पण तिथे दुचाकींनाही बंदी आहे, तर सायकलची काय कथा! आपल्याला जुनाच रस्ता. तो बराही आहे. डाव्या हाताला माहुलीचा किल्ला हळूहळू वर येताना दिसतो, आणि सायकलवरून तो तासभर दिसत राहतो. गाडीतून दहा मिनिटांत संपतो.

आसनगावला माझा प्रॅक्टिकल पार्टनर राहतो, रोज लोकलने कॉलेजला येतो. त्याच्या घरी पोहे आणि दोन कप चहा झाला. त्याच्या आईने विचारलं, “ट्रेन बंद आहे का रे?” पार्टनर त्याच्या धाकट्या भावाची सायकल काढून खर्डीपर्यंत सोबत आला. आटगावच्या पुढे माझं मागचं चाक पंक्चर झालं तेव्हा त्याने मार्गदर्शन केलं, म्हणजे दगडावर बसून बघितलं. ट्यूब बदलायला पस्तीस मिनिटं लागली. हा सगळा शहापूर तालुका. भातसा, तानसा आणि वैतरणा इथलेच, म्हणजे मुंबईचं बरंचसं पाणी इथून जातं, आणि इथल्याच कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. बाटली भरून घ्यायला एका घराशी थांबलो तेव्हा मावशींनी हंड्यातलं पाणी न विचारता ओतलं. मी अर्धीच बाटली भरून घेतली.

खर्डीनंतर एकटा. ऊन वाढलं होतं, रस्ता सपाट वाटतो पण सतत थोडा थोडा चढतो. सत्तर किलोमीटरच्या पुढे पहिल्यांदा ‘कशाला आलो?’ हा प्रश्न आला. लाडू खाल्ला. दहा मिनिटांनी प्रश्न गेला. (म्हणजे प्रश्न तत्त्वज्ञानाचा नव्हताच, साखरेचा होता.)

आणि मग घाट. मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडं गणित, बाकीच्यांनी गाळलं तरी चालेल. पुढे २८ दात आणि मागे २८ दात असा गिअर लावला की पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, साधारण दोन मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी साडेसात किलोमीटर. मी आणि सायकल मिळून ऐंशी किलो, चढ चार टक्के धरला तर लागते फक्त ऐंशी वॅटच्या आसपास शक्ती. म्हणजे घरातला छताचा पंखा! मनात म्हटलं, चला, आपण एक पंखा आहोत. तासभर तीन नंबरवर फिरत राहायचं, पाचवर जायचं नाही.

घाटात अधूनमधून रेल्वेचा आवाज येतो. आपल्या ठाण्याला गाडी आली १८५३ साली, पण कसाऱ्याहून वर इगतपुरीला पोचायला १८६५ उजाडलं. रूळ ३७ फुटांना एक फूट चढतात आणि आजही वर जाणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. माझा बँकर म्हणजे खिशातली चिक्की.

चढाच्या मध्यावर कुठेतरी मी थांबलो. कठड्याला सायकल टेकवली. खाली दरी, समोर काळे कडे, माकडांची एक टोळी माझ्या पिशवीचा अभ्यास करत होती. एक लाल एसटी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत वर आली आणि पुढे गेली. खिडकीतून एका लहान मुलाने हात केला. हा आवाज मी आयुष्यभर डेपोत ऐकला होता, पण चढावर, पन्नास-साठ माणसांच्या वजनासकट, इतक्या जवळून कधीच नाही. बाबा हे दिवसाला दोनदा करायचे. पावसात, धुक्यात, रात्री. घरी येऊन लोणच्यासारखं तोंडी लावायला सांगायचे आणि आम्ही हसायचो.

घाटनदेवीच्या देवळापाशी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. चढून येणारे ड्रायव्हर इथे हात जोडूनच पुढे जातात. देवळाच्या पायरीवर बाबा बसले होते! सकाळच्या नाशिकच्या गाडीने आले होते, घरी कुणाला न सांगता. (आईला सांगितलं होतं. ‘घरी कुणाला’ म्हणजे मला.) शाबासकी वगैरे काही नाही. सायकलचं मागचं चाक दाबून पाहिलं, म्हणाले, “हवा कमी आहे. कुठे कुठे थांबलास?”

मी सांगितलं. त्या कठड्यापाशी, माकडं होती तिथे. मग त्यांनी विचारलं की पुढचं वळण डावं होतं की उजवं, कडा किती जवळ होता, पाणी झिरपत होतं का. मी सांगत गेलो, ते मधे मधे दुरुस्त करत गेले. “तिथे पावसाळ्यात वरून धार थेट काचेवर येते. वायपर काही कामाचा नाही. तेवढे दोन सेकंद रस्ता पाठ असावा लागतो.” आत्याकडे जेवताना हेच चालू राहिलं. आत्या म्हणाली, “दादा, भात थंड होतोय.”

सायकल आत्याकडेच ठेवली, पुढच्या रविवारी न्यायची ठरवून, आणि संध्याकाळी आम्ही दोघं नाशिकहून ठाण्याला जाणाऱ्या एसटीत बसलो. ड्रायव्हर तरुण होता, बाबांना ओळखत नव्हता. बाबांनी ओळख दिलीही नाही. चौथ्या रांगेत खिडकीशी बसले. घाट सुरू झाला तसा ड्रायव्हरने गिअर खाली घेतला आणि इंजिनाचा आवाज भरून आला. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, नुसत्या ब्रेकवर उतरलं की ब्रेक तापतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. अंधार पडत होता. माझं लक्ष सहज खाली गेलं. प्रत्येक वळणाच्या जरा आधी बाबांचा उजवा पाय गाडीच्या पत्र्यावर दाबला जायचा आणि वळण संपलं की सुटायचा. गिअर बदलायची वेळ आली की डावा. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ते खिडकीबाहेर बघत होते.

कसाऱ्याचे दिवे आले, रस्ता सरळ झाला, पाय थांबले.

“हात चांगला आहे पोराचा,” बाबा म्हणाले, आणि मग खर्डी येईपर्यंत त्याने कुठल्या वळणावर कुठला गिअर का टाकला ते मला समजावून सांगत बसले.