पालथी बादली

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

लहान मूल बुडायला विहीर किंवा नदी लागत नाही. नाक आणि तोंड एकदम झाकले जाईल एवढे, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर पाणी त्याला पुरते. याचे कारण शरीराच्या घडणीत आहे. जन्मतः डोके शरीराच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते. मोठ्या माणसात ते एक अष्टमांशावर येते. वरचा भाग असा जड, आणि मान व खांदे अजून कच्चे. त्यामुळे दहा महिन्यांचे मूल पाण्यात तोंडावर पडले, तर डोके पाण्याबाहेर धरून ठेवणे त्याला सहसा जमत नाही.

बुडणारे मूल ओरडतही नाही. ओरडायला श्वास लागतो आणि नेमका तोच अडलेला असतो. पाणी उडवणे, हात हलवणे हे सिनेमातले. म्हणून ‘मी दाराबाहेरच होते, आवाज आलाच असता’ या म्हणण्याला आधार नाही. साधारण दोन मिनिटांत शुद्ध हरपते. प्राणवायूवाचून चार ते सहा मिनिटे गेली की मेंदूला भरून न येणारी इजा होऊ लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून दगावली, आणि त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता.

‘दोनच मिनिटं फोन घेतला’ असे ज्या पत्रात लिहिलेले आहे, ते पत्र समोर ठेवूनच हे लिहिले जात आहे. रागाच्या भरात लिहिलेली दोन उत्तरे फाडून झाली. हे तिसरे वर्गात फळ्यापुढे उभे राहून सांगितल्यासारखे वाटले तर तसे वाटू द्यावे. बत्तीस वर्षांची सवय आहे, आणि त्या सुरात हात कमी थरथरतो.

पत्रातला प्रश्न टबात बसवायच्या खुर्चीचा होता. ही खुर्ची म्हणजे प्लॅस्टिकचे कडे, आणि त्याखाली टबाच्या तळाला चिकटणाऱ्या रबरी वाट्या. तळ गुळगुळीत आणि कोरडा असला तर त्या नीट चिकटतात. साबणाचा ओशटपणा आला, किंवा मूल खेळणे घ्यायला बाजूला झुकले, की त्या सुटतात. मग खुर्ची कलंडते आणि मूल कड्यात पाय अडकलेल्या स्थितीत पाण्याखाली जाते. नुसते घसरून पडलेले मूल निदान अडकलेले तरी नसते. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना या खुर्चीवर विसंबू नका असे सांगत आली आहे. मात्र खुर्चीचा खरा दोष रबरात नाही. ती मोठ्या माणसाचे हात मोकळे करते आणि त्या मोकळ्या हातात फोन येतो. पाच-सहा वर्षांपर्यंत मूल पाण्याजवळ एकटे नसावे, आणि त्यातल्या पहिल्या तीन वर्षांत मोठ्या माणसाचा एक हात मुलाला लागलेला असावा. घरातल्या तिसरीतल्या अर्णवला ‘जरा लक्ष ठेव’ सांगणे हे लक्ष ठेवणे नव्हे. तो स्वतःच लहान आहे.

तरीही आपल्याकडच्या घरात टब हा मुख्य धोका नाही. मुख्य धोका बादली. मूल धरून उभे राहायला लागले की बादलीचा काठ त्याच्या पोटाशी किंवा छातीशी येतो. आत काय चमकते ते पाहायला ते वाकते आणि डोक्याच्या भाराने उलटे आत जाते. रिकामी बादली अशा वेळी त्याच्यासह आडवी होईल. भरलेली होत नाही: वीस लिटर पाण्याचे वजन वीस किलो, म्हणजे मुक्ताच्या ओवीच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. पाय वर, हात तळाशी, आणि गोल गुळगुळीत भिंतीला धरायला काही नाही. अमेरिकेत पाच गॅलनच्या, म्हणजे सुमारे एकोणीस लिटरच्या, बादल्यांत अशी मुले बुडू लागली, तेव्हा १९९० च्या सुमारास तिथल्या ग्राहक-सुरक्षा आयोगाला इशारे द्यावे लागले. तिथल्या मोठ्या बादल्यांवर आता वाकून आत पडणाऱ्या बाळाचे चित्र छापलेले असते. आपल्या बादल्यांवर फार तर फुले असतात.

आणि आपल्याकडे बादली रिकामी असतेच कधी? नळाला पाणी सकाळी तासभर. टँकर येईल की नाही त्याचा भरवसा नाही. म्हणून अंघोळ झाल्यावर बादली पुन्हा भरून ठेवणे हे घराघरात शहाणपणाचे लक्षण ठरले आहे. आईनेच शिकवलेले असते ते. पिंप, कळशी, फरशी पुसायची बादली, कपडे भिजवलेला टब, सगळे भरलेले आणि सगळे उघडे. पाणीटंचाईचा हिशेब करताना हा धोका कोणी धरत नाही. यावर उपाय एवढाच: लागणार नाही ती बादली ओतून पालथी घालावी. भरून ठेवायचेच असेल तर ते घट्ट झाकणाच्या पिंपात, आणि न्हाणीघराला बाहेरून, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर कडी. नुसते ताट झाकलेले असेल तर ते झाकण नव्हे. वाईच्या घरच्या मोरीतल्या पिंपावरही ताटच होते. ती दुपार इथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. मुक्ताला त्या पिंपाचा रंगसुद्धा आठवत असेल.

दुसरा धोका कढत पाण्याचा. सत्तर अंशांचे पाणी एका सेकंदाच्या आसपास खोल भाजते, साठ अंशांचे मोठ्यांच्या कातडीला साधारण पाच सेकंदांत. लहान मुलांची कातडी पातळ म्हणून त्यांना त्याहूनही कमी वेळ लागतो. एकोणपन्नास अंशांवर हाच अवधी काही मिनिटांचा होतो. गिझरचा काटा पन्नासच्या खाली ठेवावा, हे यावरूनच ठरते. अंघोळीचे पाणी सदतीस-अडतीस अंशांचे, म्हणजे अंगाइतके कोमट असावे. ते कोपराने पाहावे. तळहात चुलीला आणि कपबशीला सरावलेला असतो, त्याला कढतही सोसते.

इथे भाषेनेच एक गोंधळ करून ठेवला आहे. कढत पाण्यात थंड पाणी घालून ते बेताचे करायचे, आणि त्या थंड पाण्याला विसण म्हणायचे. शब्द गोड आहे, पण त्यात क्रम उलटा ठरून गेला: आधी कढत, मग गार. बंबाच्या काळात तो चालून गेला, कारण घंगाळात विसण घालेपर्यंत मुले मोरीच्या उंबऱ्याबाहेर असत. आमच्या घरात नानांचा दराराच तेवढा होता. आता मूल बाथरूममध्येच रांगत असते. विसण पडायच्या आधीच्या त्या अर्ध्या मिनिटात बादलीत नुसते कढत पाणी असते आणि हात तिथेच घातला जातो. म्हणून आधी गार पाणी घ्यावे, त्यावर कढत सोडावे, ढवळावे, कोपर बुडवून पाहावे, आणि त्यानंतरच मूल आणावे.

पाणी तापवायचा रॉड ज्या घरात मूल रांगते त्या घरात नसावाच. तो बादलीत लोंबत असतो, वायर ओढता येते, आणि ओढल्यावर कढत पाणी व वीज दोन्ही अंगावर येतात. गॅसचा गिझर बंद बाथरूममध्ये बसवणे याहून वाईट. हवा कमी पडली की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मुलांचा श्वास जलद, म्हणून ती आधी मलूल होतात. असा गिझर खोलीबाहेर, मोकळ्या हवेत असावा.

जुन्या रीतीतले एक मात्र ठेवण्यासारखे आहे. पाटावर पाय पसरून, बाळाला नडग्यांवर घेऊन न्हाऊ घालायच्या पद्धतीत पाणी वाहून जाते, तोंडाखाली साचत नाही, आणि दोन्ही हात बाळावर असतात. न्हाऊ घालणारी बाई काय चूक करते तर नाकात तेलाचे थेंब सोडते. ते तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. हे थांबवावे, बाई रुसली तरी. (तुझ्या वेळी रुसली होती.) नवजात बाळाला जन्मल्यावर चोवीस तास न्हाऊ घालू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, ओवीच्या बाबतीत ते दिवस केव्हाच गेले.

अंघोळीची तयारी मूल पाण्यात घालण्याआधी पुरी व्हावी: टॉवेल, साबण, कपडे हाताशी, फोन दुसऱ्या खोलीत. दार वाजले तर वाजू द्यावे. अगदीच जावे लागले तर ओवीला उचल, टॉवेलात गुंडाळ आणि घेऊन जा. ओली असली तरी.

भाजले तर कपडे लगेच काढून त्या जागेवर वीस मिनिटे नळाचे पाणी वाहू द्यावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट यांपैकी काही लावू नये. मूल बुडालेले सापडले तर उलटे धरू नये, पोट दाबू नये. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीच्या मधोमध, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने दाबावे. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस. दुसऱ्या कोणी १०८ ला फोन लावावा. हे वाचून येत नाही, शिकावे लागते. दोघांनी शिकावे, आणि सासूबाईंनीही. पाण्यातून काढलेले मूल लगेच हसू लागले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण खोकला, धाप आणि सुस्ती काही तासांनीही दिसू शकते.

तुझी
आत्या

ता. क. दुकानदार खुर्ची परत घेत नसेल तर तिच्यात ओवीची बाहुली बसवावी.