मुंबईची दिवाळी : एक जमाखर्च

दिवाळीची सुटी लागली कीं मुंबई सोडून जाणाऱ्यांची गर्दी आणि मुंबई पहावयास येणाऱ्यांची गर्दी या दोन्ही एकाच स्थानकावर एकमेकींस भेटतात. कोंकणांत, देशावर अगर एखाद्या थंड हवेच्या ठिकाणीं जाऊन चार दिवस मोकळा श्वास घ्यावा असें मुंबईकरास वाटतें. आणि ज्या नगरीचा त्यास वर्षभर वीट आलेला असतो, तिचीच रोषणाई पाहण्यासाठीं बाहेरगांवचीं माणसें मुलांबाळांसह येतात. दोघांचेंही करणें आपापल्या परीनें बरोबर आहे. तथापि एखाद्या वर्षीं तरी मुंबईकर कुटुंबानें ही सुटी मुंबईंतच घालवावी, आणि तीही घरांत लोळून नव्हे, तर प्रवाशाच्या नजरेनें शहरांत हिंडून घालवावी, असें सुचविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अशा प्रवासाचा आरंभ कोठून करावा, असें कोणी विचारील तर आम्ही काळबादेवीकडे बोट दाखवूं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं तेथील पेढ्यांतून, मूळजी जेठा कापड बाजारांत आणि झवेरी बाजारांत वहीपूजन चाललेलें असतें. तांबड्या बासनाच्या चोपड्या पाटावर मांडलेल्या असतात, पहिल्या पानावर स्वस्तिक काढून ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे दोन शब्द लिहिलेले असतात, आणि अलीकडे त्यांच्या शेजारीं बसलेल्या संगणकालाही हळदकुंकू मिळतें. थोड्या अंतरावरच्या दलाल रस्त्यावरील शेअरबाजारांत १९५७ सालापासून त्या दिवशीं मुहूर्ताचे सौदे करण्याची चाल आहे. वर्षाचें देणेंघेणें डोळ्यांखालून घालावें आणि मग नवें पान उघडावें, असा या पूजनांतला व्यवहारी अर्थ. व्यापाऱ्यानें हें करावें आणि गृहस्थानें मात्र केवळ लक्ष्मीच्या तसबिरीपुढें साळीच्या लाह्या व बत्तासे ठेवून स्वस्थ बसावें, हें कांहीं आम्हांस पटत नाहीं. मोठ्या शहरांत राहणाऱ्या कुटुंबाचीही एक वही असते. तिच्यांत आपल्या नांवें काय काय लिहिलेलें आहे, तें दिवाळीच्या चार दिवसांत जितकें स्पष्ट वाचतां येतें तितकें एरव्हीं येत नाहीं.

पहिली रक्कम पाण्याची. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अद्याप तारे मावळले नाहींत तोंच, या शहरांतील लाखों घरांत उटण्याचा सुवास दरवळूं लागतो. आजी वाटींत तेल कोमट करते, मुलें डोळे चोळीत पाटावर बसतात, आणि नळाची तोटी फिरवितांच पाणी येतें. तें येणारच, याविषयीं कोणाच्या मनांत शंकाही नसते. पूर्वीं ही स्थिति नव्हती. विहार तलाव १८६० सालीं तयार होईपर्यंत शहराची तहान विहिरींवर आणि टांक्यांवरच भागत असे. धोबीतलाव, गोवालिया टँक या नांवांतून त्या टांक्यांची आठवण उरली आहे. खुद्द टांकीं केव्हांच बुजलीं. पुढें १८७९ सालीं तुळशी आणि १८९२ सालीं तानसा हे तलाव झाले. एकोणीसशें पन्नासनंतरच्या दशकांत वैतरणा नदीवर धरण झालें, आणि महापालिकेचे अभियंते नानासाहेब मोडक यांचें नांव त्या जलाशयास देण्यांत आलें. मध्य वैतरणेचें धरण तर २०१४ सालचें. आज सात जलाशयांतून दररोज ३५० कोटी लिटरांहून अधिक पाणी मुंबईस मिळतें, आणि त्यांतला सुमारें निम्मा वाटा एकट्या भातसेचा आहे.

विहार आणि तुळशी हे शहराच्या हद्दींतले; परंतु तानसा आणि भातसा हीं धरणें ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांतलीं. तेथून मोठमोठ्या नळांतून हें पाणी डोंगर, शेतें आणि खाड्या ओलांडून आपल्या न्हाणीघरांत येतें. याच शहापूर तालुक्यांतील अनेक गांवांना आणि पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पहावी लागते, आणि तेथील बायका डोक्यावर हंडे घेऊन विहिरीच्या तळाशीं उतरतात. ज्यांच्या शिवारांतील पाणी आपण अभ्यंगस्नानास घेतों त्यांच्याच घरीं वैशाखांत घागर कोरडी असते, ही गोष्ट मुलांच्या अंगास उटणें लावतांना त्यांना अवश्य सांगावी. त्यानें सणाचा आनंद उणा होत नाहीं. मात्र दुसरी बादली भरतांना हात थोडा आखडतो, आणि आखडावाच.

दुसरी रक्कम उजेडाची. माहीमच्या कंदील गल्लींत दसऱ्यानंतर जो फेरफटका मारील त्याला दिवाळी आधींच आल्यासारखें वाटेल. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, खळ आणि दोरा यांतून चांदणी, षट्कोनी, कमळ असे नाना आकार तेथें सिद्ध होत असतात. दादरला रानडे रस्त्यावर पाऊल ठेवावयास जागा नसते. फूलबाजारांत झेंडूचे ढीग पहाटेच्या अंधारांतही पिवळे दिसतात. परंतु पणती जेथें जन्मास येते तें ठिकाण पाहिल्यावांचून हा फेरा पुरा होत नाहीं. धारावींतला कुंभारवाडा हा सौराष्ट्रांतून आलेल्या कुंभारांचा. पिढ्यान्‌पिढ्या तेथें चाक फिरत आहे, भट्ट्या पेटत आहेत, आणि घरापुढच्या अंगणांत हजारों पणत्या उन्हांत वाळत आहेत. घरांतील वृद्ध स्त्रियाही कांठ पुसण्याच्या आणि रंग देण्याच्या कामांत असतात. धारावीच्या पुनर्विकासाचें काम आतां हातीं घेण्यांत आलें आहे. नव्या उंच इमारतींत माणसांना खोल्या मिळतील, पण चाकाला आणि भट्टीला जागा मिळेल काय, हा प्रश्न तेथें गेल्यावर पाहुण्यालाही सुचल्यावांचून राहत नाहीं. अशा ठिकाणीं जाऊन डझनभर पणत्यांसाठीं पांच रुपयांची घासाघीस करणें हें शिकल्यासवरलेल्या गृहिणीस शोभणारें नव्हे.

तिसरी रक्कम वाटेची. एके काळीं गिरगांव, ठाकुरद्वार, दादर येथल्या चाळींत तीन पिढ्या एका ओळीच्या खोल्यांत नांदत. आज थोरला डोंबिवलीस, मधला बोरिवलीस, धाकटा परदेशीं, आणि मूळची चाळ पाडून तेथें नवी इमारत उभी राहत आहे, असें चित्र घरोघर दिसतें. या पांगलेल्या कुटुंबांस वर्षांतून एकदां तरी एका पंगतीस बसविणारी शक्ति म्हणजे लोकलगाडी होय. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी निघाली. हा लोहमार्ग व्हावा म्हणून ज्यांनीं खटपट केली त्यांत गिरगांवचे नाना शंकरशेठ होते. तो ३४ किलोमीटरांचा प्रवास तेव्हां नवलाचा ठरला. आज तितकें अंतर तोडून बहीण सकाळीं माहेरीं येते आणि रात्रीं परत जाते. भाऊबीजेच्या दिवशीं मुद्दाम गाडीचा प्रवास करावा आणि डब्यांत आजूबाजूस पहावें. बाकावर नव्या साड्या, मांडीवर फराळाचे डबे, एखाद्या काकूंच्या पिशवींत ओवाळणीचें ताट कागदांत गुंडाळलेलें, आणि खिडकीशीं जागा मिळाली म्हणून आनंदलेला भाचा. कोणी उभें असलेलें पाहून कोणी सरकून बसतें, चवथ्या माणसास बाकाच्या टोकावर जागा होते. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रोही पुऱ्या मार्गावर धांवूं लागली असून तिचें एक स्थानक गिरगांवांतच आहे. ज्यांना जिने चढवत नाहींत म्हणून भावाकडे जाणें सुटलें होतें, अशा किती तरी वृद्धांस तेथील सरकते जिने आणि उद्वाहक उपयोगीं पडत आहेत.

गिरगांवांत गेल्यावर खोताच्या वाडींतून एक चक्कर अवश्य मारावी. लांकडी सज्जांचीं जुनीं घरें, अरुंद बोळ, आणि हिंदु व ख्रिस्ती कुटुंबांचा पिढ्यांचा शेजार. एका दारावरचा आकाशकंदील उतरावा, आणि थोड्याच आठवड्यांत शेजारच्या दारावर नाताळचा तारा चढावा, हा तेथला क्रम आहे. मुंबईंत सुटीचा हंगाम एका धर्माचा नसतो, हें मुलांना व्याख्यान देऊन शिकविण्यापेक्षां या बोळांतून फिरवून आणणें सोपें.

घरीं परतल्यावर संध्याकाळीं दिवाळी अंक हातीं घ्यावा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ सालीं याच शहरांतून काढला, आणि तेव्हांपासून चकलीच्या जोडीला वाचनाचाही फराळ मराठी घरांत रूढ झाला. ज्यांना सर्व अंक विकत घेणें परवडत नाहीं त्यांच्यासाठीं ग्रंथसंग्रहालयें आहेत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९८ सालापासून ही सेवा करीत आलें आहे. एकानें मोठ्यानें वाचावें आणि इतरांनीं ऐकावें, ही जुनी पद्धत निदान सुटीच्या एका रात्रीं पुन्हां सुरू करून पहावी.

आतां चौथी आणि सर्वांत मोठी रक्कम. शहराला सुटी असते म्हणजे शहरांतील कांहीं माणसांना ती मुळींच नसते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत, जें १९२६ सालापासून गोरगरिबांचा आधार आहे, लक्ष्मीपूजनाच्या रात्रींही परिचारिका रुग्णांच्या उशाशीं उभ्या असतात. अग्निशमन दलास तर फटाक्यांमुळें दिवाळींतच अधिक सावध रहावें लागतें. १४ एप्रिल १९४४ रोजीं गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, त्या आगीशीं झुंजतांना या दलाचे ६६ जवान कामीं आले. तो दिवस अद्याप देशभर त्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. आणि पाडव्याच्या सकाळीं आपण नवे कपडे घालून खालीं उतरतों तेव्हां रात्रींच्या फटाक्यांचा कचरा रस्त्यावर दिसत नाहीं, कारण आपण झोपेंत असतांना कोणी तो झाडून नेलेला असतो. या सफाई कामगारांपैकीं कित्येकांना नोकरींत कायम होण्यासाठीं वर्षानुवर्षें न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या आहेत.

येथें कोणी म्हणेल, “त्यांना पगार मिळतो, मग उपकार कसले?” प्रश्न रास्त आहे. पण पगार हा कामाचा मोबदला आहे. स्वतःच्या मुलाला पहिली अंघोळ घालावयाची सोडून जी परिचारिका कामावर आली, तिच्या त्या पहाटेचा मोबदला कोणत्याही पगारपत्रकांत मांडलेला नसतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. दिवाळीची पोस्त दिली म्हणजे वर्षभर वेळेवर आणि पुरेसा पगार देण्याचें कर्तव्य संपलें, असें समजणारे यजमानही आपण पाहतों. कृतज्ञता ही न्यायाच्या जागीं बसविण्याची वस्तु नव्हे. न्याय आधीं, कृतज्ञता त्याच्या वर.

आमच्या ओळखीच्या एका घरांत पोस्त देण्याची जी रीत आहे ती सांगण्याजोगी वाटते. तेथील आजी पाकीट कोणाच्या हातीं पाठवीत नाहींत. कचरा नेणारे, जिना झाडणाऱ्या बाई, पेपर टाकणारा मुलगा, पहारेकरी, सर्वांना त्या घरांत बोलावतात, पाटावर नाहीं तरी खुर्चीवर बसवितात, आणि ताज्या फराळाची बशी नातवंडांकडून देववितात. “बाळ, आधीं चिवडा खा, मग कामाला जा,” असें त्या पेपरवाल्या मुलास म्हणतात. आणि जिना झाडणाऱ्या बाईंना, “शांताबाईंसारख्या उभ्या काय राहिलांत, बसा कीं हो,” असें आपल्या बहिणीचें नांव घेऊन आग्रह करतात. नातवंडांना त्या दिवशीं एक काम नेमून दिलेलें असतें : प्रत्येकाचें पुरें नांव आणि गांव विचारून वहींत लिहावयाचें. दोन वर्षांपूर्वीं या वहीमुळेंच त्यांना कळलें कीं पहारेकऱ्याचें गांव शहापूरकडचें. आपण पितों त्या पाण्याच्या गांवचा माणूस रोज दाराशीं उभा होता, आणि तें कोणाला ठाऊक नव्हतें.

देव, ऋषि आणि पितर यांचीं तीन ऋणें आपणां सर्वांस ठाऊक आहेत. परंतु शतपथब्राह्मणांत यांच्या जोडीला चौथें ऋण सांगितलें आहे तें मनुष्यांचें, आणि आलेल्यास आसरा व अन्न दिल्यानें तें फिटतें असें तेथें म्हटलें आहे. लहान गांवांत हें ऋण कोणाचें तें माणसाला दिसत असे. दूध घालणारा, नांगर करणारा, वाट दाखविणारा, सर्व डोळ्यांपुढचे. मोठ्या शहराची अडचण अशी कीं येथें धनको दिसत नाहीं. पाणी नळांतून येतें, वीज तारेंतून येते, कचरा आपोआप नाहींसा होतो, आणि आपण कोणाचेंच कांहीं लागत नाहीं असा भ्रम शिकलेल्या माणसासही सहज होतो. या भ्रमांत वाढलेलीं मुलें पुढें कोणाशीं कसें वागतील, याची काळजी वडील मंडळींनीं करावयाची आहे.

म्हणून यंदा सुटींत मुंबईंत राहणार असाल तर खर्चाच्या यादीखालीं चार ओळी जागा सोडा. अंघोळीला एक बादली कमी. फटाक्यांतले निम्मे पैसे पोस्तीच्या खात्यांत. पणत्या कुंभाराच्या हातून, सांगितलेल्या भावानें. आणि मुलांच्या हातीं एक कोरी वही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं व्यापाऱ्याच्या चोपडीप्रमाणें तिच्यावरही कुंकवाचें बोट लावा, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं दार वाजेल तेव्हां ती घेऊन मुलांनाच पुढें पाठवा.