उन्हाची बेगमी

कळमेश्वरच्या उन्हाबद्दल कुणाच्या तोंडून चांगला शब्द सहसा निघत नाही. गाव नागपूरपासून सुमारे २० किलोमीटरवर, काटोलच्या वाटेवर. एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला संत्र्याच्या बागा, कपाशी आणि तूर. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि त्या दिवसांच्या गोष्टी अजूनही निघतात. मे महिन्यात दुपारी १२ नंतर रस्ते ओस पडतात, कूलर सुरू होतात, माठाला ओलं फडकं गुंडाळलं जातं. तरीही ज्या घराला थोड्या पैशांत आणि कमीत कमी रसायनांत नीट राहायचं आहे, त्याच्यासाठी हे ऊन म्हणजे गावातलं सर्वांत मोठं भांडवल आहे. ते स्लॅबवर रोज येऊन पडतं. फक्त ते वापरायचं कसब हवं, आणि हे कसब हातानेच शिकावं लागतं.

काम मे महिन्यात सुरू होतं असा समज आहे. खरं तर ते जानेवारीतच सुरू होतं. त्या दिवसांत आठवडी बाजारात वांगी, टमाटर, मेथी, सांबार (इकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात) यांचे ढीग लागतात आणि संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी भाव आणखी उतरतात. ज्या घरात साठवण जमते, तिथे पिशव्या त्याच वेळी भरतात. वांग्याच्या पातळ फोडी करून, मीठ-हळद लावून त्या बाजेवर पसरल्या की तीन-चार दिवसांत खुला तयार होतात. त्यांची पारख सोपी आहे. फोड दोन बोटांत धरून वाकवावी. कट्‌कन तुटली तर ती डब्यात जायला तयार. नुसतीच वाकली तर आत ओल आहे, आणि ती एक फोड पुढे सगळ्या डब्याला बुरशी लावते. आषाढात भाजी महागते तेव्हा याच खुला गरम पाण्यात भिजवून बटाट्याबरोबर शिजवतात. ओल्या वांग्यापेक्षा त्यांची चव गडद असते. ती तडजोडीची भाजी वाटत नाही, मुलं मागून खातात.

पालेभाजीला मात्र हे ऊन चालत नाही. मेथी, सांबार, पुदिना सावलीत, वाऱ्यावर वाळवायचे. थेट उन्हात त्यांचा रंग जातो, वासही जातो. ऊन कुठे घ्यायचं आणि कुठे टाळायचं, इथेच नवखा हात आणि सरावलेला हात वेगळे दिसतात.

मिरचीची गोष्ट अधिक गंभीर आहे. याच नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि हंगामात वर्षाची मिरची घेऊन ठेवायची पद्धत अनेक घरांत अजून टिकून आहे. बाजारातून आणलेली मिरची वरून सुकी दिसली तरी देठाशी ओलसर असू शकते. तशीच कांडून ठेवली तर बुरशी धरते, आणि बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन हे विष डोळ्यांना दिसत नाही, फोडणीत घातल्यानेही जात नाही. म्हणून मिरची हातात घेतल्यावर खुळखुळली पाहिजे, बिया आत वाजल्या पाहिजेत. तोवर ती उन्हातून उचलायची नाही. रस्त्यालगतच्या घरांनी आणि कारखान्यांच्या बाजूला राहणाऱ्यांनी वर जुन्या सुती लुगड्याचा पातळ पदर टाकावाच. धूळ खाली येत नाही आणि वाफ वर जाते.

या सगळ्यात तुरीची डाळ हे सर्वांत कष्टाचं काम, आणि समाधानही तिथेच सर्वांत जास्त. नवी तूर आली की ती निवडायची, जात्यावर हलकेच भरडून दाण्याचं साल खरवडायचं, मग तेलाचा हात लावून रात्रभर ढिगात झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवसापासून ऊन. तीन-चार दिवसांच्या उन्हाने साल दाण्यापासून सुटत जातं. वरून पाण्याचा हलका शिपका मारून पुन्हा वाळवतात, मग जात्यातून काढतात. जात्याची वरची तळी किती उचलून धरायची, हे कानाला कळतं. नीट चाललं असेल तर आवाज एकसारखा येतो. तळी फार खाली बसली की आवाज बसका होतो आणि डाळीची चुरी पडते. सूप धरून पाखडलं की पिवळी डाळ एका कडेला, सालपट दुसऱ्या कडेला. किलोभर तुरीतून पाऊण किलोच्या आतच डाळ हाती लागते, पण उरलेलं वाया जात नाही. साल आणि चुरी म्हणजे चुनी, ती गोठ्यात जाते. ज्यांच्याकडे जनावर नाही, ते शेजारी देतात आणि त्याबदल्यात कधी ताक येतं, कधी शेणखत.

डाळ आणि धान्य टिकवण्याचं शास्त्र समजून घेण्यासारखं आहे. डाळीतला भुंगा पुष्कळदा घरात लागत नाही, तो शेतातूनच सोबत येतो. मादी शेंगेवर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि दोन महिन्यांनी डब्यात भोकं पडलेले दाणे दिसतात. उन्हाचा कडक ताव दिला की दाण्यातली अळी मरते आणि दाण्यातली ओलही उतरते. काळ्या प्लास्टिकवर पातळ थर पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक झाकलं तर आतलं तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. मग किलोला चमचाभर, म्हणजे ५ मिलीलीटरच्या आसपास खाण्याचं तेल चोळायचं. त्या तुळतुळीत दाण्यावर अंडी नीट चिकटत नाहीत. मध्ये मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला. एक गोष्ट मात्र विसरायची नाही: उन्हातून आणलेलं धान्य गरम असताना कोठीत भरायचं नाही. ते सावलीत पूर्ण निवू द्यायचं, नाहीतर आत दव धरतं आणि सगळी मेहनत फुकट जाते.

हे एवढ्या आग्रहाने सांगायचं कारण आहे. काही घरांत अजूनही धान्यात विषारी गोळ्या टाकतात. अ‍ॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या त्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेऊ शकतो. घरगुती वापरासाठी त्या नाहीतच. ज्या गावात एवढं ऊन आहे, तिथे मुलांच्या खोलीत अशी गोळी यायचं कारण उरत नाही.

ऑक्टोबरपासून आंबिया बहराची संत्री येतात, फेब्रुवारीच्या सुमारास मृग बहराची. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घराघरांत संत्री सोलली जातात आणि सालं कचऱ्यात जातात. प्रस्तुत लेखिकेच्या घरात सालांच्या दोन वाटा आहेत. चांगली सालं धुऊन, वाळवून, दळून उटण्यात जातात. उरलेल्यांचं घरगुती फरशी धुण्याचं पाणी होतं: १ भाग गूळ, ३ भाग सालं, १० भाग पाणी, प्लास्टिकच्या बरणीत तीन महिने. पहिला महिना झाकण रोज सैल करून वायू सोडायचा, काचेची बरणी घ्यायची नाही, वरती रिकामी जागा ठेवायची. हे प्रमाण थायलंडच्या डॉ. रोसुकॉन पूमपानव्हाँग यांच्या कामातून जगभर पसरलं. तयार झालेलं गाळीव पाणी आंबट असतं. ते पाण्यात मिसळून मोरीच्या टाइल्सवर छान चालतं, पण संगमरवराला लावू नये, त्याची चमक जाते. आणि ते दवाखान्यातल्या जंतुनाशकाची जागा घेतं असा दावा कुणी करू नये. आजारी माणसाच्या खोलीसाठी साबण आणि ब्लीचिंग हवंच, मात्र ब्लीचिंग आणि हे आंबट पाणी एकत्र कधीच मिसळायचं नाही.

वर्धा इथून लांब नाही. तिथल्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम जे. सी. कुमारप्पा यांनी उभं केलं. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ लिहिलं, ते १९४५ मध्ये प्रसिद्ध झालं. कोळसा, खनिज तेल यांसारखे साठे संपणारे आहेत आणि सूर्य, वारा, पाणी, जंगल यांचा ओघ पुन्हा पुन्हा येतो, या फरकावर त्यांचं अर्थशास्त्र उभं आहे. कळमेश्वरच्या स्लॅबवर ते सरळ पडताळून पाहता येतं. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा आणि तो कधीतरी संपतोच. पेटीच्या सूर्यचुलीत मात्र सकाळी १० ला वरण-भाताचे काळे डबे ठेवले की दुपारी १ पर्यंत दोन्ही शिजलेले असतात. आरसा सूर्याकडे वळवत राहायचं, एवढीच राखण. पावसाळ्यात ती निरुपयोगी आहे, पोळी तिच्यात होत नाही, पाहुणे अचानक आले तर गॅसच लागतो. ही तिची मर्यादा. पण नऊ महिने वरण-भात, उकडलेले शेंगदाणे, बटाटे, रव्याची भाजणी यांचा गॅस वाचतो.

काटकसरीवर लिहिताना एक गोष्ट सहसा झाकली जाते. ही सगळी बचत कुणाच्या पाठीवर उभी आहे? कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवणं, रोज पाणी बदलणं, वाटून चीक काढणं, भल्या पहाटे तो शिजवून ऊन चढायच्या आत सगळ्या कुरडया टाकून होणं, हे एका बाईने करायचं काम कधीच नव्हतं. गल्लीतल्या पाच-सहा जणी आज एकीकडे, उद्या दुसरीकडे जात. आता त्यांतल्या अनेकजणी नोकरी-कामावर जातात, म्हणून घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी हात लावला नाही तर ही पद्धत टिकणार नाही आणि टिकू नयेही. मुंबईत १५ मार्च १९५९ रोजी गिरगावच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभं राहिलं. वाळवण हे श्रमाचं, मोल असलेलं काम आहे, हे तिथे पैशांतच मोजलं गेलं. घरातही ते मोजलं जावं: ताटं उचलून स्लॅबवर नेणं, पाखरं हाकणं, अवकाळी पाऊस आला की धावत चादरी गोळा करणं, ही मुलग्यांना सहज येणारी कामं आहेत.

वाचकांना विनंती एवढीच. येत्या उन्हाळ्यात सगळं एकदम करायला जाऊ नका. ५ किलो डाळ घ्या, दोन दिवस कडक ऊन द्या, निवू द्या, तेलाचा हात लावा आणि झाकण घट्ट लावून ठेवा. घरातल्या सगळ्यांना त्या कामाला बोलवा. गणपतीपर्यंत डब्यात भुंगा दिसला नाही, तर पुढच्या जानेवारीत वांग्याच्या खुला करून पाहा.