थायलंडच्या परसांतील नवरात्र

परदेशीं जाणाऱ्यास पोटाची काळजी आधीं आणि पाहण्याची हौस नंतर, हा अनुभव कांहीं नवा नाहीं. परंतु २०२४ सालच्या भाद्रपदांत आम्हीं मातोश्रींस बँकॉक येथील आपल्या बिऱ्हाडीं आणिलें, तेव्हां ही काळजी दुप्पट झाली होती. त्यांचें वय ७२. चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य, हा त्यांचा नेम ४० वर्षें अखंड चाललेला. आणि देश असा, कीं जेथें मिठाचें काम बहुधा 'नाम प्ला' करितें. म्हणजे मासे मिठांत महिनोन् महिने मुरवून काढलेलें पाणी!

जें होऊं नये म्हणून जपत होतों, तेंच पहिल्या आठवड्यांत झालें. एका खानावळींत आम्हीं "मांस नको" असें बजावून नाळीची भाजी मागविली. मासळीचें नांव काढावयाचें मात्र राहिलें. अर्धें ताट संपल्यावर त्या भाजींत नाम प्ला असल्याचें कळलें. मातोश्रींनीं ताट हळूच सारिलें. बोलल्या कांहींच नाहींत. पुढें दोन दिवस त्या केळीं आणि दहीभात यांवर राहिल्या, व तिसऱ्या दिवशीं म्हणाल्या, "माझें परतीचें तिकीट काढा. तुम्हांला माझा जाच नको." दोष सर्वस्वीं आमचा होता, त्यामुळें हे शब्द फारच लागले.

त्यांतून आम्हांस सोडविलें शेजारच्या बाईंनीं. आमचें बिऱ्हाड चाओ फ्राया नदीच्या पश्चिमेस, थोनबुरी भागांत होतें. एके काळीं हा सारा प्रदेश कालव्यांचा व फळबागांचा. अद्यापिही घरांमागें लहानसें परस कोठें कोठें आढळतें. या बाई चिनी वंशाच्या, वयानें मातोश्रींच्याच बरोबरीच्या. त्यांच्या कन्येच्या मध्यस्थीनें आमची अडचण कळतांच त्या हंसल्या आणि म्हणाल्या, "थोडे दिवस थांबा, आमचे 'जे'चे दिवस येत आहेत."

थाई भाषेंत शाकाहारास दोन शब्द आहेत. एक 'मांगसविरात'; हा आपलाच 'मांसविरति' होय. यांत मांसमासळी वर्ज्य, पण कांदा, लसूण, अंडें, दूध चालूं शकतें. दुसरा 'जे', हा चिनी भाषेंतून आलेला. यांत मांस, मासे, अंडीं, दूध तर नाहींतच, शिवाय कांदा, लसूण व त्यांच्या जातीच्या उग्र भाज्याही निषिद्ध. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस हें व्रत पाळितात. अधिक मासाच्या हिशेबामुळें अंतर पडलें नाहीं, तर हे दिवस आपल्या आश्विन शुद्ध प्रतिपदेपासूनच येतात. त्या वर्षीं ३ ऑक्टोबर रोजीं पुण्यास थोरल्या बंधूंच्या घरीं घट बसले, आणि त्याच सकाळीं आमच्या गल्लींतील दुकानांवर 'जे'चीं पिवळीं निशाणें फडकूं लागलीं. मातोश्रींनीं तें ऐकून एवढेंच विचारलें, "म्हणजे इकडेही नवरात्रच कीं?"

तिसऱ्या माळेच्या दिवशीं बाईंनीं आम्हांस परसांत नेलें. कुंपणावर तोंडलीचे वेल होते. परंतु आपण तोंडलीं खातों, तर हे लोक कोंवळे शेंडे खुडून त्यांचें सार करितात. गवती चहाचीं पानें आपण चहांत टाकितों. येथें त्याचा बुडाकडील पांढरा कांदा वाटणांत घेतात. कोथिंबिरीचीं मुळें आपण फेंकून देतों. येथें तीं आधीं जपून ठेवितात, कारण पानांपेक्षां त्यांचा वास खोल. कुलिंजनाचे कंद अर्धसावलींत होते, आणि कोपऱ्यांत मक्रूट लिंबाचें झाड. त्याचें पान मध्यें आवळल्यासारखें, जणूं दोन पानें एकापुढें एक जोडलेलीं.

या साऱ्यांचें वाटण दगडी खलांत झालें. हिरव्या मिरच्या, गवती चहा, कुलिंजन, मक्रूट लिंबाची साल, धने, जिरें, मिरीं. लसणीस फांटा, आणि एरवीं पडणाऱ्या आंबवलेल्या जवळ्याच्या जागीं आंबवलेलें सोयाबीन. नारळाचा दाट रस तेल सुटेपर्यंत आटवून त्यांत वाटण परतलें, मग पातळ रस व लहान गोल वांगीं घातलीं. मातोश्री कोंकणांतल्या, नारळाच्या रसाची ती रीत पाहून त्यांचा चेहरा प्रथमच खुलला.

इतक्यांत बाईंनीं दुसरी कढई चढविली, आणि मूठभर पानें खुडून आणिलीं. ती तुळस होती! 'काफ्राव' या नांवानें हे लोक तीच तुळस मिरच्यांबरोबर तेलांत परततात. मातोश्रींचा हात एकदम मागें आला. आम्ही गप्प, समजावें कोणी कोणास? अखेर मातोश्रींनींच त्या पानांस हात जोडून नमस्कार केला. बाईंनीं क्षणभर पाहिलें, पानें सुपांत परत ठेविलीं, आणि बडीशेपेच्या वासाची 'होराफा' नांवाची दुसरी जात कढईंत घातली. त्या दिवशीं मातोश्री पोटभर जेवल्या.

अष्टमीस मातोश्रींचा उपवास. त्यांनीं साबुदाण्याची खिचडी केली व शेजारीं पाठविली. बाईंस दूध-तूप निषिद्ध, म्हणून ४० वर्षांत प्रथमच ती खोबरेल तेलांत झाली. तिकिटाची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं. मातोश्री दिवाळीपर्यंत राहिल्या.

वाचकभगिनींस एवढेंच सांगावेंसें वाटतें, कीं यांतील बरेंचसें आपल्या गच्चीवरही होतें. गवती चहाची मुळाकडील कांडी पाण्यांत ठेविल्यास मुळें धरते. तिला भरपूर ऊन द्यावें. होराफाचे तुरे वेळींच खुडावे, म्हणजे पानें येत राहतात. कुलिंजनास ओल हवी, पण पाणी सांचूं देऊं नये.

निघतांना बाईंनीं काफ्रावची एक कुंडी पुढें केली. रोपें विमानांतून आणण्यास आडकाठी, म्हणून ती त्यांच्याच परसांत ठेविली. कन्येचें पत्र येतें, त्यांत असतें, कीं आई त्या एका कुंडीचें पान स्वयंपाकासाठीं तोडूं देत नाहीं. आणि पुण्यास, मंडईंतून कोथिंबीर आली, कीं मातोश्री सुनांस बजावतात, "मुळें टाकूं नका गं!"