विजयदुर्गाखालचा धोंडा

पावसाळ्यांत कोल्हापुरांत दोघे भेटले कीं पंचगंगेच्या पाण्याचें बोलणें निघतें. एक आपल्या दाराची पायरी सांगतो, दुसरा गल्लींतला विजेचा खांब. वाद मिटतो तो राजाराम बंधाऱ्यावरील पट्टीनें. तेथें 39 फुटांस इशारा आणि 43 फुटांस धोका. म्हणून 2019 सालीं पाणी 55 फुटांवर गेलें एवढें म्हटलें कीं पुरे. समुद्राकांठच्या धोंड्यांना अशी पट्टी नसते, हें आम्हांस विजयदुर्गास कळलें.

गगनबावड्याचा घाट उतरून तळेऱ्यावरून आम्ही तेथें गेलों, तें किल्ला पाहण्याकरितां. बरोबर आमचा भाचा होता. तो भूशास्त्राचा विद्यार्थी. त्यानें आम्हांस एका कड्याखालच्या खडकाळ किनाऱ्यावर नेलें. तेथें जांभ्याचे लहानमोठे धोंडे पडलेले. पैकीं एक भरतीच्या रेषेच्या बराच वर. "हा लाटेनेंच आणला," असें आम्हीं मास्तरी निश्चयानें सांगून टाकलें. भाचा हंसला. कडा डोक्यावर असतां धोंडा वरून कोसळला नसेल कशावरून? त्याच्या अंगास कालवांचीं कवचें चिकटलेलीं असतीं, तर तो पाण्यांतून आला असें म्हणतां आलें असतें. तीं नव्हतीं.

मग मोजमाप. आम्हीं फीत धोंड्याच्या पाठीवरून फिरविली. त्यानें दोन टोकांमधलें सरळ अंतर घेतलें. लांबींत अर्ध्या फुटाचा फरक! त्याच्या मापानें 5, 4 व 3 फूट. आम्हीं लागलीच 60 घनफूट म्हटलें. "मामा, धोंडा म्हणजे पेटी नव्हे," तो म्हणाला. लंबगोल धरल्यास तो 31 घनफुटांच्याच आसपास भरतो. म्हणजे वजनहि निम्मेंच, आणि तो हलविणारी लाटहि तितकी लहान. पाण्यापासूनची उंची आम्हीं सकाळीं ओहोटीला मोजली, त्यानें दुपारीं भरतीला. दोघेहि खरे, पण दोन आंकडे एकमेकांशेजारीं ठेवण्यासारखे नाहींत. 'प्रमाण' शब्दाच्या पोटीं मोजण्याचाच धातु आहे, हें आम्हीं जन्मभर शिकविलें होतें!

ही घासाघीस निष्फळ नव्हे. दीव बेटावरील धोंडे मोजून संशोधकांनीं 2015 सालीं हाच प्रश्न घातला: हें काम तुफानाचें कीं त्सुनामीचें? अतिप्रचंड धोंडे त्सुनामीच हलवूं शकते, असें पुष्कळांस वाटे. परंतु आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर 2013-14 च्या हिवाळ्यांतील वादळांपूर्वींचीं व नंतरचीं छायाचित्रें ताडून पाहतां हजारांहून अधिक धोंडे हललेले आढळले; त्यांतला सर्वांत जड सुमारें 620 टनांचा! आमच्या अरबी समुद्रांत दोन्ही आहेत. 28 नोव्हेंबर 1945 रोजीं मकरान किनाऱ्यालगत भूकंप होऊन उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. वादळें मात्र पुन्हां पुन्हां येतात. तेव्हां एका धोंड्याची साक्ष चुकली, तर घर पाण्यापासून किती दूर बांधावें हा हिशेबहि चुकतो.

आमची खटपट पाहत बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमारानें तेंच विचारलें: पाणी इथवर येतें कीं काय? त्याचें घर मागच्या माडांत होतें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. भाच्यानें वहींत तिन्ही मापें, लांब बाजूची दिशा, भरतीची वेळ व रेषा लिहून घेतली. 'कोसळला कीं वाहिला' यापुढें जागा कोरी ठेवली. एका ठळक खडकावर उभें राहून छायाचित्र काढलें. पावसाळा सरल्यावर त्याच खडकावरून तो दुसरें काढणार आहे. फीत मात्र आमच्या हातीं देणार नाहीं म्हणतो.