सुलिव्हनांच्या गर्दीत

माझ्या सासरचं आडनाव सुलिव्हन. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला बेअरा नावाचं द्वीपकल्प आहे. तिथले सुलिव्हन इतके आले की अमेरिकेत मोंटानातल्या ब्यूट या खाणींच्या गावात 'पॅट्रिक सुलिव्हन' अशी हाक मारली असती तर अर्ध्या गल्लीने ओ दिली असती. माझ्या नवऱ्याचे पणजोबा पॅट्रिक त्यांतलेच एक. ते मूळचे कुठले, यावरून घरात दोन तट आहेत आणि नाताळच्या जेवणात तो विषय निघाला नाही असं माझ्या लग्नापासून झालेलं नाही.

आत्तेसासूबाई म्हणतात, आपले आजोबा कॉर्क काउंटीतल्या अ‍ॅलिहीसच्या तांब्याच्या खाणीतले. तिथलं काम आटलं तसे ते थेट ब्यूटला आले, कारण तांबं फोडायचं कसब हातात होतं. चुलत घराण्याला हे मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते पॅट्रिक केरी काउंटीचे. बटाट्याच्या दुष्काळानंतर, 1851 च्या सुमारास, लॅन्सडाउन जहागिरीचा कारभारी ट्रेंच याने कंगाल कुळांना बोटीचं भाडं देऊन न्यूयॉर्कला धाडलं, त्यांतले. (त्याचा हिशेब सरळ होता: आश्रयगृहात पोसण्यापेक्षा एकदाचं भाडं स्वस्त.) एका घराला कसबाचा अभिमान, दुसऱ्याला सोसल्याचा. कागद कुणीच पाहिला नव्हता. मी बाहेरून आलेली, दोन्हीकडे सारखीच परकी, म्हणून शोधायचं काम माझ्याकडे आलं.

आयर्लंडच्या बाजूने सुरुवात करून उपयोग नव्हता. 1922 च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधला दप्तरखाना जळून खाक झाला. 1821 ते 1851 च्या जनगणना जवळपास सगळ्या त्यात गेल्या. 1861 आणि 1871 च्या जनगणना सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या, पुढच्या दोन्ही जनगणना पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत गेल्या. पूर्ण शिल्लक आहे ती 1901 पासूनची, आणि तोवर आमचे पॅट्रिक ब्यूटमध्ये जमिनीखाली राबत होते.

मग अमेरिकेची 1900 ची जनगणना उघडली. त्या वर्षी जन्माचा महिना, साल आणि देशात आल्याचं वर्ष असे तिन्ही रकाने होते. जन्म मे 1860, आगमन 1882. साठ साली जन्मलेला माणूस एक्कावन्नच्या बोटीत बसला कसा, असं मी चुलत दिरांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "त्या काळात स्वतःचा वाढदिवस कुणाला ठाऊक होता?" हे खरंही आहे, आयरिश लोकांची वयं दर जनगणनेत हवी तशी पुढेमागे होतात. पण नऊ-दहा वर्षांहून जास्त?

खरा धागा पॅट्रिकच्या मृत्यूच्या दाखल्यात मिळाला. आईचं माहेरचं आडनाव: लोनी. माहिती देणारी व्यक्ती: सून. सासऱ्याच्या आईला तिने कधी पाहिलेलंही नसणार, तरी नाव तिनेच सांगितलं. आयर्लंडच्या कॅथलिक नोंदवह्यांत बाईचं माहेर टिकून राहतं, आणि शोधणाऱ्याला तेवढाच आधार असतो. पुरुषांच्या नावांचा काही भरवसा नाही. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे पाच भावांच्या घरी पाच पॅट्रिक. नावांच्या या गोंधळापायी बेअरात घराण्यांना टोपणनावंच पडली, आणि करासाठी झालेल्या ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनातही काही सुलिव्हनांपुढे ती लिहिलेली सापडतात.

आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने 2015 मध्ये कॅथलिक नोंदवह्यांच्या प्रती सर्वांसाठी मोफत खुल्या केल्या. आयरीज गावच्या वहीचं पान पडद्यावर मोठं केलं. लॅटिन, घाईतलं अक्षर, कडेला शाई पसरलेली. एकाच पानावर दोन पॅट्रिक सुलिव्हन, दोघांचेही बाप मायकेल. एकाची आई हॅरिंग्टन, दुसऱ्याची लोनी. साल 1860.

आयरीज कॉर्कमध्ये, पण त्याच किनाऱ्याने थोडं पूर्वेला गेलं की केरी लागतं. 'केरी' हे उगाच उठलेलं नव्हतं तर. चुलत घराण्याचं आता म्हणणं असं, की बोटीतला पॅट्रिक हा आमच्या पॅट्रिकचा चुलता आणि दोघांच्या गोष्टी पुढे एकात मिसळल्या. शक्य आहे. डीएनए चाचणीने काही निकाल लागला नाही. बेअरात पिढ्यान्‌पिढ्या आपसात सोयरिकी झाल्यामुळे आमची मंडळी कॉर्क आणि केरी, दोन्हीकडच्या सुलिव्हनांशी जुळतात.

आत्तेसासूबाई मात्र पूर्ण खूश नाहीत. आयरीज म्हणजे अ‍ॅलिहीस नव्हे, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा लिहिलेला नाही. "तेवढं अंतर माणूस कामाला चालत जातो," असं त्यांनी मला ऐकवलं. चुलत घराण्याने दहा वर्षांपूर्वी स्वखर्चाने बसवलेल्या थडग्याच्या दगडावर 'केरी' कोरलेलं आहे. तो बदलायचा खर्च त्या द्यायला तयार आहेत. दगड ज्यांचा, ते तयार नाहीत.